अण्णांची आकड्यांची वही: काळजी करावी का? आणि न्यायचं कुठे?

मुक्कामी गाडी | २६ जून २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप पळणाऱ्यांतली. आज मात्र विचारायचंच आहे.

माझे वडील, अण्णा. वय ७१. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, साताऱ्याला निवृत्त झाले. आई आणि ते तिथेच असतात, मी पुण्यात. गेल्या वर्षी ९ मार्चला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, त्याच आठवड्यात अण्णांनी एक २०० पानी लांब वही आणली. पट्टीने रकाने आखले. एका दिवसाला एक पान. छत्तीस जिल्हे उभे, आडवे रकाने नवे, बरे झालेले, मृत्यू. मृत्यू लाल पेनाने. पानाच्या तळाला 'शेरा'. आम्ही तेव्हा हसलो होतो. म्हटलं निवृत्त माणूस आहे, डेपोतलं रजिस्टर आठवत असेल, होऊ दे विरंगुळा.

आता तिसरी वही चालू आहे. झोपेतून उठवून '११ सप्टेंबर' म्हणा, '२४,८८६' म्हणतील. '१८ एप्रिल' म्हणा, '६८,६३१'. संध्याकाळी आकडे आले नाहीत तोवर जेवायला बसत नाहीत. बसले तरी एक पोळी. पहाटे तीनला उठून ऑक्सिमीटर लावतात, मग आईला उठवून तिला लावतात. वजन सहा किलो उतरलंय. दोन्ही डोस होऊन दीड महिना झाला तरी पेन्शनरांच्या कट्ट्यावर पाऊल नाही. दुधाच्या पिशव्या अजून साबणाने धुतात. त्यात कालच पुन्हा सगळे जिल्हे निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात किंवा वर ढकलले, म्हणजे यांच्या दृष्टीने 'बघ, मी सांगत होतो'.

प्रश्न दोन. ही नुसती काळजी आहे की आजार? आणि 'मी काय येडा आहे का?' असं विचारणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं कसं?

---

कडूकारलं | २६ जून, रात्री ११:५२

मी पहिला.
टीव्ही बंद करा आणि वह्या रद्दीत द्या. अर्धा आजार तिथेच जाईल. उरलेला अर्धा व्हॉट्सअ‍ॅपवर आहे.

---

झंपी | २७ जून, सकाळी ७:१०

आमच्याकडे सासरे दिवसातून चार वेळा वाफ घेत होते. चेहरा उकडीच्या मोदकासारखा झाला होता. काढ्याने पित्त झालं, पित्तासाठी डॉक्टरकडे गेले, तिथल्या गर्दीला घाबरून परत आले, आणि आल्यावर पुन्हा वाफ. (दिवे घ्या, म्हणजे गंमत आहे.)

बाकी धागाकर्तीताई, तीनला उठणं हे मात्र हसण्यावारी नेऊ नका.

---

भाऊसाहेब अकोला | २७ जून, सकाळी ९:२५

थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमची आजी मानमोडीच्या साथीच्या गोष्टी सांगायची. १९१८ साल. एका घरातून तीन तिरड्या निघाल्या, आणि चौथ्या दिवशी उरलेले लोक वावरात गेले, कारण कापूस कोणासाठी थांबत नाही. समुपदेशन नव्हतं, हेल्पलाइन नव्हती. माणसं जगलीच ना? आता जरा झोप उडाली की डिप्रेशन. तुमचे वडील शिस्तीचे आहेत. नोंदी ठेवणारा माणूस आहे, ठेवू द्या. उगा त्यांच्या कपाळी शिक्का मारू नका.

---

रात्रपाळी | २७ जून, दुपारी ३:०५

भाऊसाहेब, जगली ती माणसं गोष्ट सांगायला उरली. न उरलेल्यांची बाजू कुणाच्याच आजीने सांगितली नाही. आणि त्या काळी कुणाच्या अंगात यायचं, कुणी विहीर जवळ करायचं. त्याला वेगळी नावं होती, एवढंच.

मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. गेल्या एप्रिलपासून कोविड वॉर्ड. या एप्रिलबद्दल लिहायचं म्हणून तीन वेळा लिहिलं आणि खोडलं. एकच सांगते. किट घालून माणूस ओळखू येत नाही म्हणून आम्ही छातीवर मार्करने नाव लिहायचो. एक आजोबा रोज वाचायचे आणि नावाने हाक मारायचे. ते गेले त्या दिवशी त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून मी फोन धरून उभी होते. ती म्हणाली, 'सिस्टर, त्यांच्या कपाळावरून जरा हात फिरवाल का, माझ्या वतीने?' दोन-दोन ग्लोव्ह्ज होते माझ्या हातात. फिरवला.

आता वॉर्ड जवळजवळ रिकामा आहे, आणि आता मला त्रास होतोय. तेव्हा नाही झाला. घरी कुकरची शिट्टी वाजली की मी मॉनिटर बघायला वळते. नवरा हसायचा, आता हसत नाही. गेल्या महिन्यापासून फोनवर एका समुपदेशकाशी बोलते. टाळ्या-थाळ्यांपेक्षा बरं आहे.

मुक्कामी ताई, ऑक्सिमीटरचं एक लक्षात घ्या. पहाटे बोटं गार पडलेली असतात, तेव्हा यंत्र कमी आकडा दाखवतं. नेलपॉलिश असलं तरी. अण्णांना ९१ दिसत असेल, मग घाबरून श्वास वाढतो, मग झोप कुठली यायला? हात चोळून, बसून, मिनिटभर थांबून आकडा स्थिर झाला की बघायला सांगा. आणि लक्षणं नसताना दिवसात एकदा पुरे.

---

मुक्कामी गाडी | २७ जून, संध्याकाळी ६:३०

रात्रपाळी ताई, काय लिहू? तुम्हाला नमस्कार.

अगदी तसंच होतं! अण्णा अंगणात जाऊन लावतात, कारण 'मोकळ्या हवेत खरा आकडा येतो'. आईला सांगितलंय हात चोळायला लावायचे म्हणून.

कडूकारलं, वही नजरेआड करून पाहिली होती हो. मेमध्ये आईने पहिली वही लपवली. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी कोऱ्या वहीत आठवून-आठवून मार्च २०२० पासून लिहायला बसले. आईने मुकाट्याने काढून दिली.

---

उंबरठा | २७ जून, रात्री १०:१५

मी मानसोपचारतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी बसतो. इथून निदान करत नाही, करूही नये. पण काही गोष्टी सर्वांसाठी म्हणून लिहितो.

काळजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो ते बघायला आम्ही साध्या जागा बघतो: झोप, भूक, काम, माणसं. दोन आठवड्यांहून जास्त काळ या जागा ढासळलेल्या असतील तर दाखवायला हवं. ताई, तुमचं सगळ्यांचं लक्ष वहीवर आहे. माझं सहा किलोंवर आहे. एकाहत्तराव्या वर्षी एवढं वजन उतरलं तर आधी साधे फिजिशियन गाठा. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, आणि ते सांगतील त्या बाकी तपासण्या. कोविड होऊन गेला होता का तेही सांगा त्यांना. सगळं खापर मनावर फोडून शरीराचा आजार निसटू द्यायचा नाही.

न्यायचं कसं? खोटं बोलून नेऊ नका. 'देवळात जाऊ' म्हणून दवाखान्यात आणलेला पेशंट माझ्यासमोर तोंड उघडत नाही, आणि उघडलंच तर मुलाला शिव्या द्यायला. 'तुमची झोप आणि वजन दाखवायला जाऊ' हे शंभर टक्के खरं आहे, तेच सांगा.

भाऊसाहेब, शिक्क्याची भीती मान्य. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही मनोरुग्णालयांची चार नावं आपल्याकडे लोक शिवीसारखी वापरतात. पण बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण केलं तेव्हा, म्हणजे महामारीचं नावही नव्हतं तेव्हा, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. बहुतेक आजारांत शंभरातले सत्तरहून जास्त जण उपचारांविना होते. ते काही वेड्यांच्या इस्पितळात नव्हते. वावरातच होते, कापूस वेचत.

---

कडूकारलं | २७ जून, रात्री १०:२१

शेवटचं वाक्य भाऊसाहेबांना बिनपाण्याने. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अधांतर | २८ जून, दुपारी १:४०

सगळं वाचलं. चांगलं चाललंय तुमचं. एक इचलकरंजीवाला मधे बोलतोय, वाईट वाटून घेऊ नका.

माझा मंडप डेकोरेशनचा धंदा. वर्षाची कमाई पाडवा ते जून. २०२० चा सीझन गेला, २०२१ चा पण गेला. पन्नास माणसात लग्न म्हणजे मंडप कशाला, गच्चीवर ताडपत्री बास झाली. गोदामात कापड उंदरांनी खाल्लं. आठ पोरं होती कामाला, चार गावाकडं गेली, दोघं भाजी विकत्यात. रिझर्व्ह बँकेनं सहा महिने हप्ते थांबवले होते, ते ऑगस्टला संपलं, आणि व्याज काय थांबलं नव्हतं. झोप मला पण लागत नाही. सॅचुरेशन ९९ आहे माझं.

मी डॉक्टरकडं गेलो तर तो काय देणार? गोळी. मला गोळी नको भावा, मला दोन लग्नं द्या मोठी. हे मानसिक आरोग्य वगैरे पगार चालू असणाऱ्यांचं आहे असं माझं मत. पेन्शन चालू असणाऱ्यांचं पण.

---

मुक्कामी गाडी | २८ जून, दुपारी २:१०

अधांतर दादा, बोचलं, पण खोटं नाही. पेन्शन तुटपुंजी असली तरी आहे.

---

उंबरठा | २८ जून, रात्री ९:५०

अधांतर, तुमचं निम्मं म्हणणं मी स्वतः रोज ओपीडीत म्हणतो. कर्जावर गोळी नाही. ज्याचं पोट हातावर आहे त्याला 'सकारात्मक विचार करा' सांगणं हा चावटपणा आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात हायवेवरून चालत निघालेल्यांना समुपदेशन नको होतं, गाडी हवी होती.

उरलेलं निम्मं पटत नाही. सलग झोप नसलेला माणूस कर्जाचे निर्णय वाईट घेतो. मी हे बघितलंय. गोळीने लग्नं मिळत नाहीत, पण सहा तास झोप मिळाली तर सावकाराकडे जायचं की नाही हे नीट ठरवता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे खासगीसारखी फी नाही. एकदा जाऊन या.

---

खडूफळा | २९ जून, सकाळी ८:००

जिल्हा परिषदेचा मास्तर, बीड जिल्हा. मुलांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. यंदा तर परीक्षाच रद्द. लोकांना वाटतं पोरं खूश असतील. गृहभेटीला गेलो तर एक हुशार पोरगी म्हणाली, 'सर, पास होईन हो, पण मी केलं काय?' तिच्या वर्गातल्या दोघींची लग्नं झाली या दीड वर्षात. मला कळलं तेव्हा पत्रावळ्यापण उचलल्या होत्या.

अधांतर भाऊ, ती लग्नंपण गच्चीवरच झाली.

---

दूरदेशी | २९ जून, दुपारी ४:३०

मेलबर्नहून. इथे चौथं लॉकडाऊन नुकतंच संपलं. गेल्या वर्षीचं दुसरं तब्बल ११२ दिवसांचं होतं. घरापासून पाच किलोमीटरची हद्द, व्यायामाला दिवसात एक तास, रात्री आठला संचारबंदी. भारतात लोक म्हणायचे 'तुमचं बरंय, तिकडे शिस्त आहे'. शिस्त होतीच. मी त्या पाच किलोमीटरचा गोल नकाशावर काढून फ्रिजला लावला होता. समुद्र साडेपाचवर होता.

वडील या एप्रिलच्या शेवटी गेले, नाशिक जिल्ह्यात, गावी. त्याच आठवड्यात इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं बंद केली. देश सोडायलाही परवानगी लागते, आणि गेलो असतो तर परत कधी येऊ देतील याचा भरवसा नाही. इथे बायको, चार महिन्यांचं बाळ. नाही गेलो.

दहाव्याला चुलतभावाने नदीवरून व्हिडिओ लावला. पिंड ठेवला, कावळा येईना. अर्धा तास. भाऊ म्हणतोय, 'दादा, तू काहीतरी बोल, तुझंच अडलं असेल.' मी काय बोलणार, स्वयंपाकघरात उभा होतो, पहिल्यांदा तोंडात 'बाबा, सॉरी' आलं. तेवढ्यात चित्र गोठलं. पुन्हा आलं तेव्हा पिंड जागेवर नव्हता. भाऊ म्हणतो शिवला. पण तो दुसरं काय म्हणणार? शिवला, की त्यांनीच उचलून पाण्यात सोडला, मला कधीच कळणार नाही. मी देव न मानणारा माणूस आहे हो. आणि रात्री दोन वाजता त्या कावळ्याचा विचार करत बसतो.

इथे फॅमिली डॉक्टरने एक कागद भरून दिला की मानसशास्त्रज्ञाकडच्या सत्रांना सरकार काही पैसे देतं. आधी वर्षाला दहा सत्रं होती, महामारीत वीस केली. मी सहावर आहे. बाई चांगली आहे, पण तिला कावळा समजवायला तीन सत्रं गेली.

---

रात्रपाळी | २९ जून, रात्री ८:२०

दूरदेशी, तो शिवला. आमच्या वॉर्डातून गेलेल्या कितीतरी जणांचं दहावं झालंच नाही, किंवा अस्थी डब्यात नाव लिहून राहिल्या. तुमच्या वडिलांचं नदीवर झालं.

---

भाऊसाहेब अकोला | २९ जून, रात्री ९:०५

दूरदेशी, शब्द नाहीत बाप्पा. नमस्कार.

---

गोळीवाला | ३० जून, सकाळी १०:३०

सांगलीत औषधाचं दुकान आहे. काउंटरच्या अलीकडून सांगतो. गेल्या वर्षभरात 'एखादी पट्टी द्या हो, झोपेची' म्हणणारी गिऱ्हाइकं कितीतरी वाढली. बहुतेक सगळी ओळखीची, त्यामुळे नाही म्हणणं अवघड. अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, रजिस्टरला नोंद लागते. तरी शेजारच्याची उरलेली घेणारे आहेतच. लक्षात ठेवा, त्या गोळीची सवय लागते.

पण त्यामुळे सगळ्याच मनाच्या गोळ्या बदनाम झाल्या. नैराश्यावरच्या, उदाहरणार्थ एस्सिटॅलोप्राम, या नशेच्या नाहीत. फक्त त्यांचा गुण दिसायला दोन-तीन, कधी चार आठवडे लागतात, आणि पहिले काही दिवस मळमळ होते. लोक नेमके आठव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करतात. बंद करायचीसुद्धा डॉक्टरला विचारून, हळूहळू.

अवांतर: इन्शुरन्सवाल्यांनी माझ्या मेव्हण्याचं बिल 'मानसिक आजार चालत नाही' म्हणून परत पाठवलंय. असं करता येतं का?

---

उंबरठा | ३० जून, दुपारी २:००

गोळीवाला, तुमचा प्रतिसाद छापून माझ्या वेटिंग रूममध्ये लावावासा आहे.

विम्याचं: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम २१ (४) आहे. शारीरिक आजारांसाठी जसा विमा, तसाच मानसिक आजारांसाठी द्यायचा. मेव्हण्यांना लेखी कारण मागायला सांगा. लेखी मागितलं की बऱ्याचदा सूर बदलतो.

---

निमूट | २ जुलै, रात्री १:५०

पहिलाच प्रतिसाद. गेल्या वर्षी लॉकडाऊन लागला आणि दुकानं बंद झाली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता, भावाची दारू आपोआप सुटेल म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. हातपाय थरथर, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायचा. आम्हाला वाटलं नाटक करतोय. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते, त्यात जीव जाऊ शकतो, हे आम्हाला डॉक्टरने सांगितलं. ४ मेला दुकानांपुढच्या रांगा टीव्हीवर दाखवून लोक हसत होते. त्या रांगेत मी होतो, त्याच्यासाठी. मी पीत नाही.

तो आता बराय. मलाच हल्ली कशात राम वाटत नाही. कशातच. सगळे झोपले की बरं वाटतं आणि सकाळ नको वाटते. बास, एवढंच.

---

रात्रपाळी | २ जुलै, रात्री १:५८

निमूट, मी ड्युटीवर आहे, जागी आहे. खासगी निरोप (व्यनि) केलाय, त्यात माझा नंबर आहे. आत्ता फोन करा. नाहीतर 'किरण' हेल्पलाइन, १८००-५९९-००१९, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरात जे कुणी झोपलंय त्यांना उठवा. रागावू देत.

---

निमूट | २ जुलै, सकाळी ७:४०

बोललो ताईंशी. मग वहिनीला उठवलं. तिने चहा केला. आज दुपारी डॉक्टरकडे जातोय, भाऊ नेतोय.

---

झंपी | २ जुलै, सकाळी ७:५५

धागा उघडून बसले होते. चहा कसा झाला होता ते लिहा उद्या.

---

मुक्कामी गाडी | ११ जुलै, दुपारी १२:१५

सगळ्यांना वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण देणं लागते.

उंबरठा डॉक्टरांचं ऐकून आधी फिजिशियन. साखर, थायरॉइड ठीक. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू. बाकीही काही सापडलं नाही. मग त्यांनीच अण्णांना सांगितलं, 'झोपेसाठी अमुक डॉक्टरांना दाखवा.' मी बोलण्यापेक्षा ते बरं झालं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आणि काखेत तिन्ही वह्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी प्रश्न विचारायच्या आधी पहिली वही उघडली आणि पानं उलटायला लागले. घाईने नाही. आम्ही घरात दीड वर्ष त्या वहीवर भांडलो, पण उघडून वाचली कुणीच नव्हती. डॉक्टरांनी एका पानावर बोट ठेवलं: 'हे शेऱ्यात काय आहे?' तिथे एक आकडा होता, पाच अंकी. त्या दिवशीच्या कुठल्याच आकड्याशी न जुळणारा. आणखी पानं उलटली, पुन्हा कुठे कुठे तसे आकडे.

अण्णा म्हणाले, 'बिल्ला नंबर.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसटीत ड्रायव्हर-कंडक्टरला बिल्ला असतो, त्यावर नंबर. अण्णांना डेपोतल्या प्रत्येकाचा तोंडपाठ. त्यांच्या हाताखालचे, बरोबरचे, नंतर लागलेली पोरं. मजुरांना राज्याच्या हद्दीवर सोडायला गेलेले, मुंबईत बेस्टच्या मदतीला पाठवलेले, आणि काही नुसतेच घरी बसलेले म्हातारे. कुणी गेला की त्या दिवसाच्या पानावर शेऱ्यात त्याचा बिल्ला. अकरा होते. नाव एकाचंही नाही. 'नावं का नाही लिहिली?' तर म्हणाले, 'रजिस्टरला नंबरच लिहितात.' मग जरा थांबून, 'एकाच्याही मातीला गेलो नाही.'

आई तिथेच रडायला लागली. त्यातले चार-पाच तिला माहीतच नव्हते.

गोळी सुरू झाली आहे, कमी डोसची, गोळीवाल्यांनी सांगितलं तीच. शिवाय डॉक्टरांनी एक काम दिलंय: आठवड्याला एका बिल्ल्याच्या घरी फोन करायचा. वही बंद करायला सांगितलं नाही. जिल्हे मात्र छत्तीसवरून एक केले, साताऱ्यापुरते. अण्णांनी घासाघीस करून पुणेपण ठेवून घेतलंय, मी इथे असते म्हणून.

---

कडूकारलं | ११ जुलै, दुपारी १२:४०

रद्दीचं मागे घेतो.

---

दूरदेशी | ११ जुलै, दुपारी ३:१५

'रजिस्टरला नंबरच लिहितात.' आज एवढंच वाचून लॅपटॉप मिटला.

---

भाऊसाहेब अकोला | १२ जुलै, सकाळी ६:३०

उंबरठा, तुम्हाला एक व्यनि केला आहे. वेळ मिळाला तर बघावा. घाई नाही.

---

उंबरठा | १२ जुलै, सकाळी ६:४५

भाऊसाहेब, उत्तर दिलंय. थोडी घाई करू.

---

मुक्कामी गाडी | १५ जुलै, रात्री ११:००

गोळीवाला, अण्णांना मळमळ आणि उलट झोप कमी झालीये. बंद करू का? आई घाबरलीये.

---

गोळीवाला | १५ जुलै, रात्री ११:२०

बंद करू नका, डॉक्टरांना उद्या सकाळी फोन करा. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची का तेही त्यांनाच विचारा. मी दुकानदार आहे, डोस बदलणारा नाही.

---

मुक्कामी गाडी | २० जुलै, सकाळी ११:३०

सकाळची वेळ करून दिली, मळमळ गेली.

आज एकादशी. काल दुपारभर अण्णा टीव्हीसमोर. यंदाही वारी नाही, पादुका एसटीने पंढरपूरला. आम्हाला वाटलं आता पुन्हा आकडे. तर हे बसकडे बघून ओरडतायत, 'अरे, पुढची काच तरी नीट पुसायची! माउली बसलीये आत!' आई म्हणाली, गेल्या वर्षभरात पहिल्यांदा एवढा आवाज काढला.

दोन फोन झालेत. पहिला जेमतेम दोन मिनिटं. दुसऱ्या घरी बाई म्हणाल्या, साहेब, त्यांच्या खाकीचं काय करू, कपाटात तशीच आहे. अण्णांना उत्तर आलं नाही. 'बघतो' म्हणाले. काय बघणार आहेत कोण जाणे.

---

अधांतर | १४ ऑक्टोबर २०२२, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. १० तारखेपासून टेली-मानस म्हणून सरकारी नंबर सुरू झालाय, १४४१६, फुकट आहे. इथं नोंद असावी.

माझं विचाराल तर दिवाळीनंतरच्या तारखा भरल्या. कापड नवीन घेतलं, परत कर्ज काढून. त्यावेळी उंबरठांशी भांडलो होतो. नंतर सरकारी दवाखान्यात दोनदा गेलो, सांगितलं नव्हतं. मत बदललेलं नाही, पैसा नसला की मन राहत नाही. पण सावकाराकडं नाही गेलो.

मुक्कामी ताई, अण्णा कसे आहेत?

---

मुक्कामी गाडी | १५ ऑक्टोबर २०२२, सकाळी ८:४५

दादा, तारखा भरल्या वाचून फार बरं वाटलं.

अण्णा ठीक. वजन चार किलो परत आलं. गोळी अर्ध्यावर आहे. मध्ये एकदा 'आता बरा आहे' म्हणून स्वतःच बंद केली, पंधरा दिवसांत पुन्हा तीनला अंगणात. तेव्हापासून आई समोर उभी राहून देते. वही एप्रिलमध्ये थांबली, आम्ही सांगितलं म्हणून नाही, निर्बंध उठले म्हणून. कट्ट्यावर जातात, पण निम्मी बाकं रिकामी म्हणून लवकर परत येतात. अकरापैकी नऊ घरी फोन झाले, दोन घरांचे नंबर बदललेत. त्यासाठी डेपोत स्वतः जाऊन आले.

दुधाच्या पिशव्या अजून साबणाने धुतात. आई म्हणते राहू दे, तेवढीच मदत.

---

कडूकारलं | १५ ऑक्टोबर २०२२, सकाळी ८:५२

भांड्याचा की अंगाचा?